वादळी शिडाची जागा

“शीडच चुकीच्या जागी बांधलं हुतं म्हणं. पार नाकावर. असल्या वाऱ्यात तितं कशाला जायाचं?”

काकूंच्या स्वयंपाकघरात मी कप विसळत होते. ओट्यावरच्या खिडकीतून हे वाक्य आत आलं. बाहेर मांडवात काकांचा जलदान विधी नुकताच संपला होता. त्या विधीत एका भांड्यात पाणी ओततात, ते भरून ताटात सांडेपर्यंत. पाण्यात गेलेल्या माणसासाठी तेही पाणीच... मला ते बघवेना, म्हणून मी उठून आत आले होते. “तुला कुणी सांगितलं?” दुसऱ्या कुणीतरी विचारलं. “दादांनीच की. ते हुते ना बोटीत.”

दादा म्हणजे माझे पप्पा. काकांचे मोठे भाऊ. त्या दिवशी बोटीत आम्ही तिघंच होतो : काका, पप्पा आणि मी. पप्पा खोटं बोलत नव्हते. त्यांना जे दिसलं ते सांगत होते. त्यांना काय दिसलं नाही, ते फक्त मला माहीत होतं. मी कप पुसून ट्रेमध्ये उलटे मांडले आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला चांगलं जमतं.

हा लेख लिहायला मला काकूंनी सांगितलं. “तू त्यांच्यासंगं बोटीवर असायचीस. तूच लिव्ह,” म्हणाल्या. माझं शिक्षण बारामतीत इंग्लिश मीडियममध्ये झालं, मराठी लिहायची फारशी सवय नाही. आणि यात पप्पांबद्दलही लिहावं लागणार होतं, म्हणून आधी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “लिहिणार असशील तर सगळं लिही.” म्हणून सगळं लिहिते आहे.

काका निरवांगीचे, म्हणजे आमचं सगळं घरच निरवांगीचं. पप्पांना पुढे शिकायचं होतं, पण त्यांनी मास्तरकी धरली आणि धाकट्या भावाला शिकवलं. नेव्हीच्या भरतीला त्याला हाताला धरून नेलं तेही पप्पांनीच. काका तिथे शिडाच्या बोटींवर रमले, शर्यतींत उतरले, नव्या पोरांना शिकवू लागले. पण गावी आले की ते फक्त धाकटे भाऊ असत. दादा खुर्चीत असले तर काका पायरीवर बसत. दादांचं म्हणणं ते कधी खोडत नसत. पप्पा गाडीत शेजारी बसून चुकीचा रस्ता सांगायचे, काका मुकाट्याने त्याच रस्त्याला लागायचे आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणायचे, “दादा, हितनं बी एक वाट हाय वाटतं. बघू का?” आणि गाडी वळवायचे. पप्पांना वाटायचं, वाट आपणच शोधली. मी मागच्या सीटवरून हे कितीतरी वेळा पाहिलं आहे. घरात कुणालाही हे कमीपणाचं वाटत नसे. आमच्याकडे मोठ्यांची चूक अशीच दुरुस्त करायची असते, थोडं पुढे जाऊन.

निवृत्त झाल्यावर काकांनी कोकणातून एक जुनी बोट आणली. शिडाची, आत झोपायला दोन फळ्या आणि एवढीशी मोरी असलेली, लांबच्या प्रवासाची. पावसाळ्यानंतर किनाऱ्याकिनाऱ्याने केरळपर्यंत जायचं, असा त्यांचा बेत होता. त्याआधी तिची डागडुजी आणि चाचणी उजनी धरणाच्या फुगवट्यात. ट्रेलरवरून येताना ती नेमकी बाजाराच्या दिवशी निमगाव केतकीत वळणावर अडकली. दोन्ही बाजूंना एसट्या थांबल्या. कांद्याच्या पोत्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने काकांना हाक मारली, “ओ तात्या, हे काय हाय?” काका म्हणाले, “बोट हाय आबा.” म्हातारा म्हणाला, “ती दिसती. पाणी मागनं येतंय का?” सगळा बाजार हसला. काकाही हसले. त्या दिवसापासून ते कॅप्टन झाले. निरवांगीच्या पारावर दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारायचंच, “कॅप्टन, यंदा जमतंय का केरळ?” काका म्हणायचे, “तुमी डबा बांधून ठेवा.”

बोट इंदापूरच्या पुढे, पाण्याच्या कडेला एका ओळखीच्या माणसाच्या रानात ठोकळ्यांवर उभी केली. सुट्टीत मी तिथे जाऊ लागले. कारण सांगायचं तर, तिथे कुणी मला बोलायला लावत नसे. नातेवाइकांत माझी ओळख ‘इंग्लिश मीडियमची, बोलत नाही’ अशी होती. एकदा काकांसमोरच कुणीतरी हे म्हणालं. काका पॉलिश पेपर घासता घासता म्हणाले, “बोलत न्हाय, बघती. बोटीवर तसलंच माणूस लागतंय.” मला बरं वाटलं. पण नंतर, तो माणूस गेल्यावर, ते मला वेगळंच म्हणाले. “कमी बोल, काय हरकत न्हाय. पण जे बोलायचं ते मोठ्यानं बोल. वाऱ्यात हळू बोललेलं कुणाला ऐकू येत न्हाय. मग ते बोललं काय अन् न बोललं काय.” हे त्यांनी मला पुढेही अनेकदा ऐकवलं. मी मान हलवायची. ते म्हणायचे, “बघ, परत मानच हलवली.”

त्या बोटीवर काकांनी सगळ्यात जास्त विचार केला तो वादळी शिडाचा. हे जरा समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बोटीच्या टोकापासून, ज्याला काका नाक म्हणत, डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत एक जाड तार गेलेली असते. पुढचं मोठं शीड त्या तारेवर चढतं. वारा फार झाला की ते उतरवून तिथे एक लहान, जाड कापडाचं शीड चढवतात. ते वादळी शीड. ते नसेल तर वादळात बोटीचं तोंड कुठेही फिरतं, सुकाणू ऐकत नाही. प्रश्न असा, की ते चढवायचं कुठे? बरेच जण त्याच पुढच्या तारेवर चढवतात. काकांना ते पटत नसे. “समुद्र उसळतोय, तवा बोटीची सगळ्यात वाईट जागा कुठली? नाक. वर जातं, खाली आदळतं. आणि तू माणसाला तितंच धाडणार, ओणवं बसून एक शीड सोडायला अन् दुसरं लावायला.” दुसरं कारण त्यांनी बैलगाडीवरून सांगितलं. गाडीत ओझं पुढे सरकलं की बैलाच्या मानेवर येतं, मागे गेलं की जू वर उचलतं. ओझं चाकावर पाहिजे. तसं जोराच्या वाऱ्यात शीड बोटीच्या मध्याकडे पाहिजे. अगदी नाकावर असलं की वारा तोंड ढकलत नेतो.

म्हणून त्यांनी दुसरी तार बसवली. नाक आणि डोलकाठी यांच्या मधे, नाकापासून चांगली मागे. आम्ही तिला आतली तार म्हणायचो. तिचं खालचं टोक एका कडीत अडकायचं, आणि ती कडी डेकमधून आरपार जाऊन खाली बोटीच्या बुडाला जखडलेली. नुसती डेकला बसवली असती तर वाऱ्याने डेकच उचललं गेलं असतं. ती जखडायला काका पुढच्या सांदीत आडवे पडून घामाने निथळत होते आणि मी बाहेरून नट आवळायचे पाने देत होते. शीड काकूंनी शिवायला घेतलं होतं. भगव्या रंगाचं ते कापड इतकं जाड, की मशीनच्या सुया मोडल्या. “बोटीला हे असलं, अन् मला साडी न्हाय एक,” असं म्हणत त्यांनी ते परत दिलं. शेवटी बारामतीतल्या ताडपत्रीवाल्याने शिवलं. काका ते शीड पितळी आकड्यांनी आतल्या तारेवर आधीच लावून, खाली पिशवीत गुंडाळून ठेवत. वारा आला की डोलकाठीपाशी उभं राहून दोर ओढायचा, शीड वर. नाकावर कुणी जायचंच नाही.

ही तार एरवी सोडून डोलकाठीला बांधून ठेवता येते, म्हणजे पुढे बसायला जागा मोकळी होते. पण काकांचा नियम होता, की वळवाच्या दिवसांत तार कडीतच राहणार. “उजनीला समुद्र समजायचं. वळीव काय सांगून येत न्हाय.”

बुद्धपौर्णिमेला बोट पाण्यात सोडली. घरचे सगळे आले होते, पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. बोट काठालाच बांधलेली होती, आणि एकेक करून सगळे वर चढून पुढच्या डेकवर बसायला लागले, फोटोसाठी आणि खिरीसाठी. आतली तार बरोबर मधोमध येत होती. खिरीचं पातेलं ठेवताना कुणाचं तरी डोकं तिच्यावर आपटलं. पप्पा म्हणाले, “ही कशाला मधेच? काढा जरा.” आणि कुणी उठायच्या आत त्यांनी स्वतःच कडीतून ती सोडली. शिडाची पिशवी आकड्यांसकट काढून आत सरकवली. तार मागे नेऊन नायलॉनच्या दोरीने डोलकाठीला बांधली. एसटीच्या टपावर सामान बांधतात तशी, गाठीवर गाठ, वर आणखी एक गाठ. पप्पांनी बांधलेलं सामान कधी सुटून पडलेलं नाही. याचा त्यांना अभिमान आहे.

काका मागून खिरीच्या वाट्या घेऊन येत होते. त्यांनी तार पाहिली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी वाट्या धरलेल्या हाताचा पंजा जरा खाली केला, तसा ते नेहमी करायचे. राहू दे... नंतर. मला त्याचा अर्थ लगेच कळला. भरल्या घरादेखत दादांना ‘ही सोडायची नव्हती’ असं ते म्हणणार नव्हते. सगळे उतरले की गाठी सोडून तार परत लावतील. थोडं पुढे जाऊन वाट वळवतील.

पण सगळे उतरले तेव्हा पप्पा उतरले नाहीत. सुकाणूपाशी बसून म्हणाले, “मला नाही का फिरवणार? नुसती खीर घालून परत पाठवतो होय?” पप्पा आयुष्यात कधी बोटीत बसले नव्हते. त्यांनी आपणहून मागावं, हे काकांना इतकं आवडलं, की त्यांचा चेहरा पोरासारखा झाला. “चला की दादा,” म्हणाले. आम्हा दोघांना लाइफ जॅकेट घातली, बंद ओढून पाहिले, स्वतः घातलं. वारा मंद होता. इंजिन अजून बसवायचं होतं. दोर सोडले आणि बोट निघाली. मला वाटलं होतं, मधे कुठेतरी काका तार लावून घेतील. एकदा ते डोलकाठीपाशी गेलेही, गाठीला हात लावला. तेवढ्यात पप्पांनी काहीतरी विचारलं, मला वाटतं, हे शीड कशाने फिरतं असं... आणि काका त्यांना दाखवायला मागे आले. पप्पा विचारत होते, काका दाखवत होते. शिकवणारे काका आणि शिकणारे दादा. असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. काका त्या दिवशी फार आनंदात होते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

पलीकडच्या काठावर रानांतून धूळ उठलेली आधी मीच पाहिली आणि काकांना दाखवली. आभाळ तिकडे पिवळट झालं होतं. काका उठले. मला सुकाणू दिलं, मागचं शीड उतरवून करकचून बांधलं, पुढचं उतरवलं. इतक्यात वारा आलाच. पाऊस नाही, नुसता वारा, धूळ आणि आखूड, उभ्या लाटा. बोटीवर शीड उरलं नव्हतं आणि ती आडवी होऊन वाहू लागली. वारा बोट नेत होता त्या बाजूला, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडतात त्या, धरणात बुडालेल्या गावाच्या दगडी भिंती होत्या. सुकाणू हातात नुसतं हलत होतं. काकांनी भगवं शीड बाहेर काढलं आणि डोलकाठीपाशी त्या गाठीला हात घातला. एक गाठ सुटली. दुसरी नाही. त्यांनी मागे वळून भिंतींकडे पाहिलं आणि गाठीचा नाद सोडला. मग ते शीड काखेत धरून, बसून सरकत, नाकाकडे गेले.

आकडे पुढच्या तारेवर लावून ते डोलकाठीपाशी परत आले, दोर ओढला. शीड अर्ध्यावर गेलं आणि एक आकडा अडकला. ते परत नाकावर गेले. आकडा सोडवायला दोन्ही हात वर केले तेव्हा बोटीचं नाक वर गेलं, आणि मग खाली. नांगराच्या लोखंडावर त्यांचं डोकं आपटलेलं मी पाहिलं. आवाज ऐकू आला नाही... त्या वाऱ्यात कशाचाच येत नव्हता.

ते पाण्यात पडले. जॅकेटने त्यांना तरंगतं ठेवलं. नारिंगी ठिपका बराच वेळ दिसत होता. पप्पा त्यांना नावाने हाका मारत होते. मी हाक मारली नाही. माझ्या हातात सुकाणू होतं, आणि अर्धं चढलेलं ते शीड वारा धरत होतं, म्हणजे बोट आता ऐकत होती. पण वाऱ्याच्या उलट, काकांकडे, ती येणार नव्हती. ते शक्य नाही हे मला काकांनीच शिकवलं होतं. मी भिंती चुकवून बोट गाळात घातली. वारा पडल्यावर मासेमारीच्या होड्या गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, मार लागला तेव्हाच गेले असावेत. पप्पांनी विचारलं, “म्हणजे हाका ऐकू आल्या नसतील?” डॉक्टर नाही म्हणाले. पप्पा अजून कधीकधी मला तेच विचारतात.

त्यानंतर जो भेटायला येईल त्याला पप्पा एकच सांगत राहिले. इतकी वर्षं नेव्हीत काढून यानं शिडाची जागा चुकीची केली. नाकावर काय करायचंय? जरा मागं घेतली असती तर... हे ते रागाने सांगत, आणि रागामुळे त्यांना उभं राहता येत होतं. निरवांगीच्या पारावर, बारामतीत आमच्या सोसायटीत, सगळीकडे तेच पोचलं. कॅप्टनला शीड बांधता आलं नाही. काकूंनीही ऐकलं. एकदा भाकरी थापता थापता त्यांनी मला विचारलं, “खरंच चुकलं का गं त्यांचं?” मी म्हणाले, “नाही काकू.” त्यांनी पुढे विचारलं नाही. कदाचित माझा आवाज फार हळू होता. खरं सांगितलं असतं तर पप्पा कोसळले असते. न सांगावं तर काकांच्या सगळ्या आयुष्याचं काम त्या एका वाक्याखाली गाडलं जात होतं. मी रोज मनात दोन्ही बाजूंचं वजन करायची आणि उठून अभ्यासाला बसायची.

गेल्या आठवड्यात कोकणातून एक जण बोट विकत घ्यायची म्हणून बघायला आला. पप्पांनी मला बरोबर नेलं. बोट आता परत ठोकळ्यांवर आहे. पावसाळी वारा पाण्यावरून येत होता. तो माणूस आत शिरून फळ्या ठोकून बघत होता. पप्पा खालून त्याला म्हणाले, “बोट चांगली आहे हो. माझ्या भावानं जीव लावला होता. फक्त शिडाची जागा तेवढी बदलून घ्या.” मग शिडी चढून ते पुढच्या डेकवर आले आणि खिरीच्या दिवशी बसले होते तिथेच बसले. नायलॉनची दोरी डोलकाठीवर अजून तशीच होती, एक गाठ सुटलेली. पप्पांचा हात डेकवर फिरत होता, काका फिरवायचे तसा. बोटाला कडी लागली. त्यांनी ती उचलून पाहिली, सोडली, परत उचलली. कडीला गंज नव्हता. काका तिला ग्रीस लावत असत.

“ही कशाची गं?” पप्पांनी विचारलं. “इतकी जड कडी, आणि रिकामीच.”

मी सांगितलं. वाऱ्यात त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी कानाला हात लावला आणि माझ्याकडे बघत राहिले. काका असते तर म्हणाले असते, परत तोंडातल्या तोंडात... मी जाऊन पप्पांच्या समोर बसले, कडीवर त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि आतल्या माणसालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले :

“वादळी शिडाची जागा ही आहे, पप्पा. काकांनी ती बरोबर केली होती. तार तुम्ही सोडलीत, आणि तुम्ही दादा होतात म्हणून त्यांनी ती तशीच राहू दिली.”